थरथरणारी नळी

“मग यंत्र बरोबर चालू होतं, एवढं समितीपुढे सांगाल ना, सर?”

हुपरीकर सरांनी डोळे उघडले नाहीत.

“कोणतं यंत्र?”

“आमचं, सर. एक्मो. मघापासून तेच तर सांगतोय.”

“मला वाटलं, याबद्दल विचारतोयस.”

सरांनी हनुवटीने शेजारी दाखवलं.

शेजारी डायलिसिसचं यंत्र चालू होतं. सरांच्या डाव्या हातातून एक लाल नळी निघून खुर्चीच्या हातावरून यंत्रात जात होती. दुसरी यंत्रातून निघून त्याच हातात परत येत होती. मधे रोलर फिरत होता. टक्... टक्... टक्...

भर दुपार. लांबट हॉल. भिंतीला टेकवून खुर्च्यांची रांग, प्रत्येक खुर्चीत एक झोपलेला माणूस आणि प्रत्येकाचं रक्त अंगाबाहेर. कुणी कण्हत नव्हतं, कुणी घोरतही नव्हतं. खिडक्यांचे पडदे स्थिर होते. हॉलमध्ये हलत होत्या त्या फक्त नळ्या, त्याही किंचित, झोपलेल्याचं पोट हलतं तशा.

हुपरीकर सरांनी आयुष्यभर एकच गोष्ट शिकवली होती. माणसाचं रक्त शरीराबाहेर काढायचं, यंत्रातून फिरवायचं आणि जसं घेतलं तसंच परत द्यायचं. ऑपरेशनसाठी हृदय थांबवतात, तेव्हा हृदयाचं काम करणाऱ्या यंत्रापाशी एक माणूस बसतो. त्याला परफ्युजनिस्ट म्हणतात. मिरजेकडचे बहुतेक परफ्युजनिस्ट सरांच्या हाताखालून गेलेले. आता सरांची मूत्रपिंडं थकली होती आणि त्यांचंच रक्त नळ्यांतून फिरत होतं.

अभिनंदन मगदूम हा त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. सर असं कधी म्हणाले नव्हते. अभिनंदन म्हणायचा.

त्याने स्टूल पुढे ओढलं. खांद्यावरची जड बॅग सरांच्या खुर्चीच्या हातावर टेकवली आणि वाकून हळू आवाजात म्हणाला,

“सर, समितीत तुमच्या शब्दाला वजन आहे. तुम्ही फोनवर बोललात तरी चालेल.”

“बाई कोण?”

“यास्मिन शिकलगार. बाळंतपणानंतर हृदय थकलं. फुप्फुसात पाणी. मशीनवर घेतली म्हणून जिवंत आहे, नाहीतर त्याच दिवशी...”

“बाळ?”

“चांगलंय. आजीकडे आहे. बाईने अजून बघितलेलं नाही.”

“आणि आता काय झालं?”

“मूत्रपिंडं साथ देत नाहीत. हिमोग्लोबिन रोज घसरतंय. रक्त चढवतोय, पण टिकत नाही.”

“कुठे जातं?”

अभिनंदनने बॅगेचा पट्टा सारखा केला.

“रक्तस्राव आहे?”

“नाही.”

“मग शरीरात घातलेलं रक्त जातं कुठे, अभिनंदन?”

“त्यासाठीच समिती आहे, सर.”

समिती म्हणजे चार खुर्च्या आणि आधीच ठरलेलं उत्तर. एक्मो म्हणजे हृदय आणि फुप्फुसांचं काम दिवसेंदिवस बाहेरून करणारं यंत्र, जिल्ह्यातलं पहिलं. त्याची फीत कापली गेली होती, फोटो छापून आले होते. विश्वस्त आठवड्यातून एकदा तरी पाहुणे घेऊन यायचे आणि काचेपलीकडून यंत्र दाखवायचे. आकडे दाराबाहेरून वाचता यावेत म्हणून यंत्राचा पडदा दाराकडे वळवून ठेवला होता. यंत्राशेजारी पलंगावर एक बाईही आहे, हे पाहुण्यांना सांगावं लागायचं.

असं यंत्र चुकत नाही. दुसरं कुणीतरी चुकतं.

“ठपका कुणावर ठेवताय?” सरांनी विचारलं.

“ठेवताय म्हणजे... रक्तपेढीकडून चुकीच्या गटाची पिशवी आली असेल, असा अंदाज आहे.”

“अंदाज कुणाचा?”

“सगळ्यांचाच.”

“रक्तपेढीत कोण असतं?”

“सुतार म्हणून एक मुलगी आहे. कंत्राटी.”

“हं. म्हणजे सोयीची.”

“सर, तिने चूक केलीच नसेल असं तुम्ही कशावरून म्हणता?”

“मी काहीच म्हटलं नाही.” सर थोडं सावरून बसले. “सिस्टर... यांना चहा द्या. कोरा.”

वायदंडे सिस्टर हॉलच्या टोकाला असायच्या. त्यांनी काचेच्या पेल्यात चहा आणून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि परत गेल्या.

“मी दुधाचा घेतो, सर.”

“माहितीये. पी.”

अभिनंदनने पेल्याकडे पाहिलं. खिडकीचा उजेड चहातून आरपार येत होता. गडद, लालसर तपकिरी... त्याने हात पुढे केला नाही.

“का रे? रंग ओळखीचा वाटतो?”

यास्मिनच्या पलंगाखाली लटकणाऱ्या लघवीच्या पिशवीचा रंग त्याने सरांना सांगितला नव्हता. समितीलाही नव्हता. पिशवीवर टॉवेल टाकून ठेवला होता.

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कुणी येतं का माझ्याकडे? तू तरी किती दिवसांनी आलास?” सर हसले. “आलास तेही सही मागायला आल्यासारखा.”

“सही नको, सर. फक्त शब्द.”

“पंपाचे फेरे किती ठेवलेत?”

“भरपूर. प्रवाह उत्तम मिळतोय. पडद्यावर बघाल तर...”

“छापलेल्या फोटोत पडदा दाराकडे होता. मग तुला कसा दिसतो?”

अभिनंदन हसला, पण त्याला ते लागलं. तो जरा चढ्या आवाजात बोलू लागला.

“सर, मी तुमचाच विद्यार्थी आहे. यंत्र पाहुण्यांसाठी चालवत नाही मी. प्रवाह कमी पडला तर मेंदूला रक्त कमी पडतं. मी फेरे वाढवले म्हणून ती जगली. हे लोक काहीही बोलतात. कुणाला पंपातलं कळतं इथे? विश्वस्तांना? माझ्या हाताखालच्या त्या रेठरेकरला? दोन वर्षं झाली नाहीत तिला पास होऊन. माझ्या पंपात गळती नाही, गुठळी नाही, एक अलार्म नाही...”

बोलता बोलता त्याच्या कोपराजवळ काहीतरी हललं.

सरांची नळी होती. रोलरच्या प्रत्येक फेऱ्याला ती खुर्चीच्या हातावरून उडत होती. उचलायची, आपटायची. उचलायची, आपटायची. पाण्याबाहेर काढलेल्या जिवासारखी.

त्याने न बघताच तिच्यावर तळहात ठेवला.

नळी थांबली.

“...एकही अलार्म नाही, सर. मग मी कुठे चुकलो?”

सरांनी डोळे उघडले. आधी त्याच्या हाताकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. बराच वेळ.

“सांग पुढे,” ते म्हणाले.

“पुढे काय? झालं सांगून.”

“कशाने बांधलीस?”

“काय?”

“तिची नळी. कशाने बांधलीस?”

टक्... टक्... टक्...

शेजारच्या खुर्चीतले म्हातारे झोपेतच कूस बदलल्यासारखे हलले आणि पुन्हा स्थिर झाले. अभिनंदनला वाटलं, हॉलमधल्या सगळ्या मिटलेल्या डोळ्यांमागे कुणीतरी ऐकतंय.

“सर... हे तुम्हाला...”

“कापडाने?”

“चिकटपट्टीने,” अभिनंदन म्हणाला. “पलंगाच्या कठड्याला.”

“का?”

“थरथरत होती म्हणून. तिचा नवरा घाबरायचा. रोज तेच विचारायचा, साहेब, ही नळी अशी का करते? हिला काय पाहिजे? विचारण्याची तऱ्हा तरी बघा... हिला काय पाहिजे! पाहुण्यांमधली एक बाई तर चक्कर येऊन बसली. मग विश्वस्त म्हणाले, याचं काहीतरी करा.”

“आणि तू केलंस.”

“नळी हलून सुई निघाली असती, सर. बांधणं सुरक्षितच होतं.”

“मग आता कुणी घाबरत नाही.”

“नाही.”

“तूही?”

अभिनंदनच्या तळहाताखाली नळी कोमट होती. आत काहीतरी धडका मारत होतं, अगदी बारीक, मुठीत धरलेल्या पाखरासारखं. त्याने हात आणखी थोडा दाबला.

सरांच्या कपाळावर घाम आला होता.

“पंखा वाढवू का?”

“नको. तुझा पहिला वर्ग आठवतो? खिडकीत मी काय धरलं होतं?”

“आठवतं.” अभिनंदनला विषय बदलल्याचं बरं वाटलं. “दोन नळकांड्या. एका गाईच्या रक्ताच्या. दोन्ही एकाच गाईच्या.”

“हं.”

“एकीतलं रक्त गढूळ दिसत होतं. उजेड पलीकडे जात नव्हता. दुसरीतलं स्वच्छ. लाल काचेसारखं आरपार. त्यातून खिडकीचे गज दिसत होते. तुम्ही विचारलं, यातलं सुंदर कोणतं?”

“आणि पहिला हात कुणी वर केला?”

“मी.” तो ओशाळून हसला. “म्हणालो, दुसरं. तुम्ही म्हणालात, हे मेलेलं आहे. रात्रभर बारीक पिचकारीतून पुढेमागे ओढलं तुम्ही ते. पेशी फुटल्या आणि आतला रंग पाण्यात उतरला. म्हणालात, रक्तातून पलीकडचं दिसायला नको. दिसलं तर...”

“तर?”

“तर पंप थांबवायचा. आधी पंप, मग विचार.”

“पाठ आहे तुझं.” सरांचा आवाज खोल गेला होता. ते पाठ खुर्चीला दाबत होते, जणू मागून कुणी टोचत होतं. “हुशार आहेस...”

सर हे पहिल्यांदाच म्हणाले होते. अभिनंदनला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

“सर, तुमचा चेहरा... बरं वाटत नाहीये का?”

“खिडकी कुठेय?”

“ही काय, समोर.”

“बघ तिकडे.”

अभिनंदनने खिडकीकडे पाहिलं. कट्ट्यावर पेला तसाच होता. खिडकीला उभे गज होते. बाहेर ऊन होतं.

त्याच्या आणि खिडकीच्या मधे सरांची परतीची नळी लोंबत होती, यंत्रातून हाताकडे येणारी. लाल. सुंदर. लाल काचेसारखी.

नळीतून खिडकीचे गज दिसत होते.

स्टूल मागे आपटलं.

त्याने पंप बंद केला. दोन्ही नळ्यांवर चिमटे लावले. हात आपोआप चालत होते. मग त्याने बॅग उचलली. बॅगेच्या कडेखाली नळी दुमडली होती. पूर्ण नाही. पूर्ण दुमडली असती तर रक्त थांबलं असतं आणि यंत्राला कळलं असतं. अर्धी. तेवढ्याच फटीतून रोलर सरांचं रक्त ओढत राहिला होता. प्रत्येक फेऱ्याला. तो बोलत होता तेवढा वेळ.

“सिस्टर!”

वायदंडे सिस्टर धावत आल्या. नळीकडे बघताच त्यांना कळलं.

“रक्त परत देऊ?”

“नाही! एक थेंब नको आत. डॉक्टरांना बोलवा. ऑक्सिजन लावा. पोटॅशियमसाठी नमुना घ्या, लगेच.”

“डॉक्टर खालीच आहेत.” त्यांनी भिंतीवरचं बटण दाबलं आणि सरांच्या तोंडावर मास्क बसवला. “काका, छाती जड वाटते का? काका?”

सरांनी मान हलवली. थोडीशी, अशा अर्थाने.

“यंत्र ओरडलं कसं नाही?” अभिनंदन जवळजवळ किंचाळला. “एवढी नळी दबली, अलार्म कुठे गेला?”

“सारखा वाजायचा हो तो,” सिस्टर नमुना घेता घेता म्हणाल्या. “हात हलला तरी वाजायचा. पेशंटांची झोप मोडते म्हणून तक्रारी गेल्या. मग वरूनच सांगितलं, मर्यादा सैल करा. आमचं ऐकतंय कोण? आम्ही लेखी कळवलं होतं, धोका आहे म्हणून. तर म्हणाले, हॉल कसा शांत वाटला पाहिजे.”

हॉल शांत होता.

एवढ्या आरडाओरड्यातही एक डोळा उघडला नव्हता. टक्... टक्... टक्... बाकीचे रोलर फिरत होते. रांगेत नळ्याच नळ्या होत्या, आणि अभिनंदनला प्रत्येक नळीत पलीकडचं दिसतंय का हे बघायची हिंमत होत नव्हती. तरी त्याने बघितलं. एकेक करून, शेवटच्या खुर्चीपर्यंत. त्या गढूळ होत्या. त्यांतून काहीच दिसत नव्हतं.

डॉक्टर आले. सरांची नाडी बघितली, ईसीजी काढला. नवं यंत्र लावायला सांगितलं. “वेळेत थांबवलंत,” ते अभिनंदनला म्हणाले. “थोडं आणखी गेलं असतं तर हृदयावर आलं असतं.”

अभिनंदनने फोन काढला होता.

“रेठरेकर, कुठे आहेस?”

“यास्मिनच्या पलंगापाशीच, सर. लघवी आणखी काळी...”

“कात्री घे. नळीची पट्टी काप.”

“विश्वस्त यायचेत सर आत्ता. पाहुणे...”

“काप!”

पलीकडे कात्रीची कचकच ऐकू आली. मग रेठरेकरचा श्वास.

“सर, नळी उड्या मारायला लागली. कठड्यावर आपटतेय. सर, हे भयंकर दिसतंय...”

“दिसू दे. आता फेरे कमी कर.”

“कमी? प्रवाह पडेल, सर. तुम्हीच तर...”

“मीच म्हणालो होतो. कमी कर. हळूहळू. नळीकडे बघत कर, पडद्याकडे नको.”

“करतेय... अजून?”

“अजून.”

“अजून करू?”

“नळी काय म्हणते?”

“आपटायची थांबली. नुसती थरथरतेय आता... आता तेही कमी झालं...”

मग फोनमध्ये फक्त यंत्राची घरघर येत राहिली.

“रेठरेकर?”

“सर, फेरे उतरवले आणि प्रवाह वाढला.” तिचा आवाज बदलला होता. “असं कसं होईल? कमी ओढतोय आणि जास्त येतंय.”

अभिनंदनने भिंतीला हात टेकला. पंप इतका ओढत होता की यास्मिनची शीरच नळीच्या तोंडावर चिकटत होती. रक्त येईना म्हणून नळी थरथरे. थरथरे म्हणून त्याने बांधली. आणि बांधल्यावर निश्चिंतपणे आणखी ओढलं.

“नळी?”

“शांत आहे. मी हात लावलेला नाही.”

“आयसीयूच्या डॉक्टरांना पलंगापाशी बोलव. पिशवीवरचा टॉवेल काढ, त्यांना रंग दाखव. पंपाचं डोकं, रक्त फिरवणारा भाग, बदलायची तयारी ठेव. आणि रक्ताचा नमुना यंत्रात गरगर फिरवून बघ, पेशी खाली बसल्यावर वरचं पाणी कोणत्या रंगाचं येतं ते.”

“काल बघितलं होतं, सर.”

“मग?”

“गुलाबी. तुम्हाला आणून दाखवलं होतं. तुम्ही म्हणालात, नमुना नीट घेतला नसशील, फेकून दे.”

अभिनंदनने डोळे मिटले.

“नमुना चांगला होता,” तो म्हणाला. “हे लिहून ठेव. मी म्हणालो तेही लिही. आणि रक्तपेढीतल्या सुतारबाईंना कळव, समितीत त्यांना एकटीने जायला लागणार नाही. मी येतोय.”

“तुम्ही काय सांगणार?”

“ती कापलेली पट्टी टाकू नकोस. तीच घेऊन जाणार आहे.”

त्याने फोन ठेवला.

सरांच्या खुर्चीशेजारी आता दुसरं यंत्र उभं होतं, अजून न जोडलेलं. जुन्या नळ्या सिस्टर काढून नेत होत्या. खिडकीजवळून जाताना त्यांच्यातला लाल उजेड भिंतीवर सरकला, सरांच्या कपाळावरून गेला आणि दारातून बाहेर पडला. तेवढं रक्त सरांना परत मिळणार नव्हतं.

सरांनी मास्क थोडा बाजूला केला होता. ओठ निळसर होते, डोळे मात्र स्वच्छ.

“बाई?”

“प्रवाह वाढला, सर. बघू. मूत्रपिंडं परत कामाला लागतील कदाचित... वेळ लागेल.”

“बाळ दाखवा तिला. झोपेत असली तरी.”

“हो, सर.”

अभिनंदन खुर्चीपाशी खाली बसला, सरळ फरशीवर. स्टूल पडलंच होतं. ते त्याने उचललं नाही. बराच वेळ तो स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिला. तळहातावर नळीचा व्रण उमटला होता, लांबट, लालसर.

“सर, तुम्हाला कळत होतं.”

सर त्या व्रणाकडे बघत होते.

“बॅग ठेवली तेव्हाच कळलं असणार तुम्हाला. पाठीत दुखत होतं, छाती जड झाली होती. मरायला टेकला होतात, सर! आणि मी इथे बसून माझीच टिमकी वाजवतोय. एक शब्द... एक शब्द बोलला असतात तर मी बॅग उचलली नसती का? का नाही बोललात?”

सरांनी मोकळा हात पुढे केला. त्याचा हात धरला, उताणा केला आणि त्या लालसर रेघेवर एक बोट हलकेच टेकवलं.

“बोलत होतो की,” ते म्हणाले. “तुझ्या तळहाताखाली.”